गुंडाळीच्या आतील अक्षरे : कलाभेदी क्ष-किरणचित्रण आणि पाठनिश्चिती

१

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला 'वाचणे' या शब्दाचा अर्थ सहसा तपासून पाहावा लागत नाही. पोथी समोर असते, शाई डोळ्यांना दिसत असते. शाईच्या रेषांतून अक्षर, अक्षरांतून शब्द आणि शब्दांतून वाक्य असा त्याचा क्रम चालतो. अक्षर दिसले म्हणजे ते वाचता आलेच असे नव्हे, हे महानुभावांच्या सकळ लिपीने मराठी अभ्यासकांना केव्हाच शिकविले आहे. परंतु अक्षर दिसते की नाही याविषयी वाद उद्भवण्याचे प्रसंग मात्र विरळाच.

इटलीतील हर्क्युलेनियम येथे सापडलेल्या, जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या न उलगडता वाचण्याचे जे प्रयत्न २०१५ पासून प्रसिद्धीस येत आहेत, त्यांनी नेमका हाच प्रश्न उभा केला आहे. या प्रयत्नांचा पाया म्हणजे क्ष-किरणांच्या शोषणावर नव्हे, तर त्यांच्या तरंगांच्या कलेतील फरकावर आधारलेली चित्रणपद्धती. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे, आणि विशेषेकरून तिच्या आधारे केलेल्या वाचनांचे, पाठचिकित्सेच्या दृष्टीने परीक्षण करावयाचे आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : या पद्धतीने हाती येणारे चित्र ही मूळ पोथी नव्हे, ती पोथीची संपादित आवृत्ती होय. म्हणून संपादकावर जी बंधने असतात ती हे चित्र तयार करणारावरही असली पाहिजेत.

२

प्रथम नावाचा विचार करू. बीजगणितातील अज्ञात राशीसाठी आपण 'क्ष' वापरीत आलो, आणि राँटगेनने १८९५ मध्ये शोधलेल्या अज्ञात किरणांना त्याच न्यायाने 'क्ष-किरण' म्हटले. हे भाषांतर अक्षराचे नसून कल्पनेचे आहे, म्हणूनच ते रुजले. 'कला' हा शब्दही तितकाच सार्थ आहे. चंद्राची कला म्हणजे त्याच्या महिन्याच्या चक्रातील त्या दिवसाचे स्थान. तरंगाची कला म्हणजे चढउताराच्या चक्रातील त्या क्षणाचे स्थान. दोन तरंग सारख्याच उंचीचे असून एक शिखरावर व दुसरा उतरणीवर असेल, तर त्यांची कला भिन्न आहे असे म्हणावयाचे. या भिन्नतेतून छायेचा फरक निर्माण करणाऱ्या चित्रणाला मी येथे 'कलाभेदी चित्रण' म्हणतो.

रुग्णालयातील नेहमीचे क्ष-किरणचित्र शोषणावर चालते. हाड किरण अधिक अडविते, मांस कमी अडविते; त्यामुळे हाडाची सावली पडते. दोन मृदू पदार्थ शेजारी असतील तर त्यांच्या शोषणातील फरक इतका अल्प असतो की चित्रात ते एकरूप होऊन जातात. परंतु पदार्थातून जाताना किरणाचे केवळ शोषणच होत नाही. त्याची कलाही सरकते आणि त्याची दिशा किंचित वळते. हे वळणे अत्यंत सूक्ष्म असते. क्ष-किरणांचा वक्रीभवनांक १ पेक्षा साधारणतः दशलक्षांश भागाइतकाच कमी असतो. त्यामुळे स्वतः राँटगेनला त्यांचे वक्रीभवन निश्चितपणे दाखविता आले नाही, यात नवल नाही. तथापि मृदू पदार्थांच्या बाबतीत कलेवर होणारा परिणाम शोषणावरील परिणामाच्या सुमारे हजारपट असू शकतो. जी माहिती सावलीत हरविते ती कलेत शिल्लक असते.

अडचण अशी की कोणताही संवेदक कला थेट नोंदवीत नाही. तो फक्त तेजाची तीव्रता नोंदवितो. म्हणून कलेचे रूपांतर तीव्रतेत करावे लागते. दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात ही युक्ती झेर्निकेने साधली व त्याबद्दल त्याला १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांसाठी बोन्झ आणि हार्ट यांनी १९६५ मध्ये स्फटिकाचा व्यतिकरणमापक तयार केला. पुढे १९९५ मध्ये स्निगिरेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रनोब्ल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवर, आणि १९९६ मध्ये विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात साध्या किरणस्रोतावर, असे दाखविले की वस्तू आणि संवेदक यांमध्ये पुरेसे अंतर ठेविले तर वळलेले किरण आपोआप एकमेकांत मिसळून पदार्थांच्या सीमांवर उजळ व काळ्या कडा उमटवितात. त्याच वर्षी मोमोसे यांनी मृदू ऊतींचे त्रिमितीय कलाभेदी चित्र प्रसिद्ध केले. फायफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सूक्ष्म जाळ्यांच्या योगाने हे तंत्र सामान्य क्ष-किरणनळीपर्यंत आणून पोहोचविले.

आता मुद्द्याची गोष्ट. कडा उमटल्या म्हणजे कला कळली असे नाही. कडांवरून मूळ कला परत काढण्यासाठी गणित करावे लागते, आणि ते गणित काहीतरी गृहीत धरल्याशिवाय सुटत नाही. पॅगनिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली रीत सर्वत्र प्रचारात आहे, कारण तिला एकाच अंतरावरची एकच नोंद पुरते. परंतु तिचे गृहीत असे की वस्तू एकाच द्रव्याची आहे, आणि त्या द्रव्यातील कलापरिणाम व शोषण यांचे प्रमाण ठाऊक आहे. हे प्रमाण प्रत्यक्षाहून मोठे धरले तर चित्र गुळगुळीत होऊन बारीक रेषा पुसल्या जातात. लहान धरले तर मुळात नसलेल्या कडा चित्रात राहून जातात. म्हणजे डोळ्यांपुढे येणाऱ्या चित्रात चित्रकाराचा निर्णय आधीच मिसळलेला असतो.

३

हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांना हे तंत्र का लागले, ते आता ध्यानात येईल. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात हे नगर गाडले गेले. तेथील एका प्रासादतुल्य घरात १७५२ ते १७५४ या काळात पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या. तुकडे धरून त्यांचे क्रमांक सुमारे १८०० भरतात. पिआज्जो या धर्मगुरूने त्या इंचाइंचाने उलगडण्याचे यंत्र तयार केले. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८१९–२० च्या सुमारास रासायनिक उपायांनी थर सुटे करण्याचा प्रयत्न केला. या उपायांनी काही ग्रंथ हाती आले, पण पुष्कळ गुंडाळ्यांचा चुराही झाला. ज्या उरल्या त्यांना हात लावू नये, हेच शहाणपण ठरले.

क्ष-किरणांनी मात्र येथे प्रथम निराशा केली. शाई काजळीची, म्हणजे कार्बनची. आणि जळलेला पपायरसही कार्बनच. शोषणाच्या चित्रात काळ्यावर काळे उमटणार कसे? व्हिटो मोचेल्ला व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या ताब्यातील गुंडाळ्यांपैकी (नेपल्सच्या राजाने १८०२ मध्ये सहा गुंडाळ्या नेपोलियनला भेट दिल्या होत्या) एक गुंडाळी व एक तुकडा ग्रनोब्ल येथे नेला, आणि तेथील निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा आधार असा की शाई तंतूंत मुरलेली नसून पृष्ठभागावर तिचा बारीक उंचवटा आहे, आणि त्या उंचवट्याच्या सीमेवर कलाभेद प्रकट होतो. या कल्पनेची योग्यता निर्विवाद आहे. अशक्य मानलेली गोष्ट शक्यतेच्या कक्षेत आणण्याचे श्रेय या संशोधकांना दिलेच पाहिजे.

परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सुटी अक्षरे ओळखली, दोन लहान अक्षरसमूह वाचले, आणि हस्ताक्षराच्या वळणाची तुलना फिलोडेमस या एपिक्यूरसपंथी तत्त्वज्ञाच्या एका ज्ञात गुंडाळीशी केली. येथे भाषाभ्यासकाने क्षणभर थांबून विचारावे असे बरेच आहे.

४

त्या दोन अक्षरसमूहांपैकी एक 'पिप्तोइए', म्हणजे 'पडतील' अशा अर्थाचा. दुसरा 'एइपोइ', म्हणजे 'म्हणेल'. दोन्ही क्रियापदे ग्रीकच्या त्या अर्थातील आहेत की ज्याचे नाते संस्कृतातील विधिलिङाशी आहे. ग्रीक 'फेरोइ' आणि संस्कृत 'भरेत्' ही एकाच मूळ रूपाची दोन अपत्ये. ग्रीकमधील 'ओइ' तेथे संस्कृतातील 'ए' आहे. अर्थात् या दोन्ही वाचनांत क्रियापदाचा अर्थ ठरविणारे चिन्ह म्हणजे 'ओइ' हा स्वरसंयोग, आणि त्यातील निर्णायक अक्षर ओमिक्रॉन.

त्या काळच्या ग्रंथलेखनात ओमिक्रॉन हे वर्तुळ असते. एप्सिलॉनही गोलाकारच, चंद्रकोरीसारखे. फरक इतकाच की त्याच्या पोटात एक आडवी रेघ असते. सिग्मा म्हणजे रेघ नसलेली चंद्रकोर आणि थीटा म्हणजे रेघ असलेले वर्तुळ. चारही अक्षरे पोटातील रेघेने आणि कडेच्या एका उघड्या फटीने ओळखावयाची. आता पपायरस हा उभ्या-आडव्या तंतूंच्या दोन थरांचा बनलेला असतो. गोलाई तंतूंहून निराळी दिसते म्हणून ती चित्रात सापडते. सरळ रेघ मात्र तंतूत लपते, किंवा उलट तंतूच रेघ म्हणून पुढे येतो. म्हणजे ज्या एका रेघेवर अक्षराची ओळख अवलंबून आहे, नेमकी तीच या पद्धतीला सर्वांत दुर्गम आहे.

याचा परिणाम पाहा. 'एइपोइ' मधील ओमिक्रॉनच्या जागी एप्सिलॉन असेल तर 'एइपेइ' उरते, आणि पुढे एक अक्षर गृहीत धरले की 'एइपेइन', म्हणजे 'म्हणणे', हे सामान्य कृदन्त सिद्ध होते. 'पिप्तोइए' मध्ये तसाच बदल केला तर 'पिप्तेइ', म्हणजे 'तो पडतो', आणि शेवटचे एप्सिलॉन पुढील शब्दाचे पहिले अक्षर. कारण त्या लेखनात शब्दांमध्ये जागा सोडीत नसत. हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. ग्रीक तत्त्वचर्चेत 'कोणी म्हणेल' अशा अर्थाचा विध्यर्थी प्रयोग पुष्कळदा प्रतिपक्षाचे मत मांडण्यासाठी येतो. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष 'ननु' ने सुरू व्हावा, तसा. तेथे विध्यर्थ आहे की नाही यावर पुढचे वाक्य ग्रंथकाराचे स्वतःचे की त्याने खोडून काढावयास घेतलेले, हे ठरू शकते. एका रेघेने सिद्धान्त आणि पूर्वपक्ष यांची अदलाबदल होऊ शकते!

मोचेल्ला यांचे वाचन चुकीचे आहे असे येथे म्हणावयाचे नाही; ते बरोबरही असेल. आक्षेप असा की अशा चित्रावरून केलेले वाचन कितपत भक्कम आहे हे अक्षरागणिक कळावयास हवे. शिवाय शाईचे द्रव्यही गृहीताप्रमाणे सर्वत्र सारखे नाही. ब्रून व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हर्क्युलेनियमच्या दोन तुकड्यांतील शाईत शिसे असल्याचे दाखविले. शिसे असल्यास शाई शोषणानेच दिसू लागते, ही आनंदाची गोष्ट. परंतु 'वस्तू एकाच द्रव्याची आहे' हे गणिताचे गृहीत तेथे लागू पडत नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

यानंतरची पायरी म्हणजे गणकयंत्रावर गुंडाळी उलगडणे. चिकटलेल्या थरांतून एका थराचा माग काढताना माग शेजारच्या थरावर गेला, तर एका स्तंभातील अक्षरे दुसऱ्या स्तंभात जाऊन बसतात. नक्कल करणाऱ्या लेखकाची नजर एका ओळीवरून सारख्या शेवटाच्या दुसऱ्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो, हा दोष पोथ्यांच्या अभ्यासकाला परिचित आहे. येथे लेखनिक यंत्र आहे, इतकेच. दोषाची जात तीच.

५

याच संदर्भात तीन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेविली तर साक्षीदारांचा प्रश्न स्पष्ट होईल.

पहिले वैद्यकाचे. ग्रनोब्ल येथील सिंक्रोट्रॉनच्या नूतनीकरणानंतर तेथे मानवी फुप्फुस, मेंदू, मूत्रपिंड असे संपूर्ण अवयव कलाभेदी पद्धतीने चित्रित करण्यात आले व ती पद्धत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे शंका आली तर त्याच ऊतीचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. म्हणजे चित्राला दुसरी, स्वतंत्र पोथी उपलब्ध आहे.

दुसरे एन-गेदी येथील जळालेल्या चामडी गुंडाळीचे. १९७० मध्ये प्राचीन प्रार्थनास्थळाच्या उत्खननात सापडलेली ही गुंडाळी ब्रेंट सील्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी वाचली व २०१६ मध्ये तिचा सविस्तर वृत्तान्त दिला. तेथील शाई शोषणाच्या चित्रातच उठून दिसली. मजकूर निघाला तो हिब्रू बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या आरंभीचा. म्हणजे अक्षरशः ठाऊक असलेला. वाचन बरोबर की चूक याचा निवाडा परंपरागत पाठाने केला.

तिसरे उदाहरण हर्क्युलेनियमचे. येथे गुंडाळी फोडून पाहता येत नाही, आणि आतील ग्रंथ अन्यत्र उपलब्ध नाही. पाठचिकित्सेच्या भाषेत ही 'एकमेव पोथी' होय. एकमेव पोथीच्या संपादकाला ताडून पाहण्यास काही नसते. म्हणूनच त्याने अधिक काटेकोर असावयाचे असते.

या कसोटीवर पाहता सील्स यांच्या सहभागाने मार्च २०२३ मध्ये सुरू झालेली खुली स्पर्धा पद्धतीच्या दृष्टीने पुढचे पाऊल होते, असे म्हणावे लागते. गुंडाळ्यांच्या मूळ नोंदी सर्वांना खुल्या करण्यात आल्या. यंत्राला शाईच्या खुणा ओळखण्यास शिकवून ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'पोर्फुरास', म्हणजे जांभळा रंग, हा शब्द शोधला. युसेफ नादेर याने निराळ्या मार्गाने तोच शब्द काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये या दोघांना व युलियन शिलिगर याला मिळून मुख्य पारितोषिक देण्यात आले, तेव्हा १५ स्तंभांतील २००० हून अधिक अक्षरे पुढे आली होती. विषय सुखाचा होता. दुर्मिळ वस्तू विपुल वस्तूंहून अधिक सुखद असतात काय, अशी ती चर्चा. पुढे २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील एका गुंडाळीचे शीर्षकही वाचले गेले : फिलोडेमसचा 'दुर्गुणांविषयी' हा ग्रंथ.

यातील एक खबरदारी विशेष उल्लेखनीय आहे. यंत्राला एका वेळी दिसणारा चौकोन अक्षराहून लहान ठेविला होता. पूर्ण अक्षर न पाहिल्यामुळे 'येथे अमुक अक्षर असावे' अशी कल्पना यंत्राने करून ती चित्रात घुसविण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. हा विवेक खऱ्या संपादकाचा आहे. परंतु दोघांना तोच शब्द दिसला याला दोन पोथ्यांची साक्ष समजणे योग्य नव्हे. ते एकाच पोथीचे दोन वाचक होत. नोंदीतच दोष असेल तर दोघेही एकत्रच फसतील.

६

मग करावे काय? उत्तर नवे शोधावयास नको. ग्रीक-लॅटिन लेखांच्या संपादकांनी १९३१ मध्ये लायडन येथे ठरविलेल्या संकेतांनुसार शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात, आणि गळालेला पण संपादकाने भरलेला मजकूर चौकटी कंसात ठेवितात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जेथे पाठ पुरेसा निश्चित नाही तेथे त्याखाली नागमोडी रेषा दिली आहे. सुकथनकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वापासून ही शिस्त चालत आली. त्या लहानशा रेषेने आवृत्तीची प्रतिष्ठा कमी झाली नाही. उलट जेथे रेषा नाही तेथे विश्वासाने पाय ठेविता येतो, तो तिच्यामुळेच.

ग्रीक पाठ छापताना टिंबे दिली जातातच. पण टिंब देणारा पंडित समोरच्या चित्राविषयी शंका व्यक्त करतो. चित्र घडताना जे निर्णय झाले ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. संस्कार न केलेली मूळ तीव्रतेची नोंद चित्रासोबत उपलब्ध असावी. कला काढताना कोणते प्रमाण गृहीत धरले ते सांगावे, आणि ते थोडे कमीजास्त केल्यास निर्णायक रेघ टिकते की नाहीशी होते हे दाखवावे. तिसरे, प्रत्येक अक्षराची ही स्थिरता चित्रावरच एखाद्या खुणेने नोंदवावी, म्हणजे पदार्थविज्ञानाची नागमोडी रेषा पाठाच्या टिंबापर्यंत येऊन भिडेल.

हा प्रश्न दूरच्या नेपल्सपुरता आहे असे कोणी समजू नये. इंदूर येथील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली चित्रणाची किरणरेखा आहे आणि तीवर कलाभेदी चित्रण होते. आपल्या पोथ्यांची काळी शाईही पुष्कळशी काजळीचीच. ओलीने पाने चिकटून वडीसारख्या झालेल्या पोथ्या कोणत्याही जुन्या संग्रहात आढळतील. त्यांच्याकडे हे किरण वळतील त्या दिवशी मराठीच्या अभ्यासकाला केवळ चित्र स्वीकारून चालणार नाही. अनुस्वाराचे टिंब आणि पानावरचा डाग यांत फरक कोणी व कशाच्या बळावर केला, हे त्याला विचारावे लागेल. कारण जुन्या मराठीत त्या एका टिंबावर विभक्ती आणि वचन अवलंबून असते. तो प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा आणि उत्तरादाखल काय मागावे, याची तयारी पाठचिकित्सकाने पदार्थवैज्ञानिकाच्या सहकार्याने आजच करावयास हवी.